काळ्या दगडाच्या वाटा आणि डोंगरधाव

ट्रेल रनिंग, म्हणजे डांबरी रस्ता सोडून डोंगर, जंगल, माळ आणि शिवार यांतून जाणाऱ्या पायवाटांवर धावणे, हा प्रकार खेळ म्हणून नवा आहे. परंतु ज्या वाटांवर तो खेळला जातो त्या मात्र क्वचितच नव्या असतात. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना २०१३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या व्याख्येनुसार शर्यतीच्या मार्गात पक्क्या रस्त्याचा भाग एकूण अंतराच्या २० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. उरलेले ८० टक्के कोठून येतात, याचे उत्तर प्रत्येक प्रदेशाचा इतिहास देतो. स्पेनच्या मायोर्का बेटावरील त्रामुंताना डोंगरात ते कोळसा पाडणाऱ्यांनी आणि शिखरांवरचा बर्फ साठवून विकणाऱ्यांनी चुन्याशिवाय रचलेल्या दगडी वाटांतून येतात. कॅलिफोर्नियात १९७४ मध्ये शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत एक स्पर्धक घोड्याविना धावला आणि त्या वाटेवर पुढे जगातील एक नामवंत डोंगरशर्यत उभी राहिली. पुण्याच्या परिसरात हे अंतर गुराखी, धनगर, वारकरी, जासूद आणि किल्ल्यावर शिधा-सामग्री वाहणारी माणसे यांनी शतकानुशतके तुडवून ठेवलेले आहे. धावपटू हा त्या वाटांचा सर्वांत अलीकडचा आणि खरे तर सर्वांत हलके ओझे वाहणारा वापरकर्ता होय.

या वाटांचा विचार वाघोलीपासून सुरू करण्याचे कारण दगड हे आहे. पुणे-नगर रस्त्यावरील हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याआधीची कित्येक वर्षे ते खाणींचे गाव म्हणून ओळखले जात होते. पुण्याच्या पूर्व भागातील इमारतींना आणि रस्त्यांना लागणारी खडी येथील खाणींतून आणि क्रशरमधून गेली. सुरुंग, पहार आणि घण यांच्या बळावर दगड फोडण्याचे काम प्रामुख्याने वडार समाजाने आणि दूरच्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांनी केले, आणि त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने खाणींच्या कडेलाच पाषाण शाळा चालवल्या. त्याच खाणींच्या पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचे झळाळत्या निळ्या रंगाचे दुर्मीळ खनिज सापडते, ज्यात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचा संयोग असतो. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगनमध्ये ओळखले गेले असले तरी जगातील संग्रहालयांतील उत्तम नमुन्यांखाली बहुधा वाघोलीचेच नाव असते. गावातील कितीजणांना ही कीर्ती ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

वाघोलीच्या खाणीत जो दगड फुटतो तोच सिंहगडाच्या कड्यात उभा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर पसरला आणि थंड होऊन त्याचे थरांवर थर बसले. या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. प्रत्येक थर सर्वत्र सारखा नसतो. ज्या भागात लाव्हा घट्ट आणि एकसंध थिजला तो भाग झिजेला दाद देत नाही आणि उभ्या कड्याच्या रूपाने शिल्लक राहतो; ज्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्या झिओलाइटसारख्या खनिजांनी भरल्या, तो भाग लवकर भुसभुशीत होतो आणि त्याची उताराची किंवा सपाट जागा बनते. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारख्या लाल मातीचा पट्टाही आढळतो. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी अशी जी पायऱ्यांची रचना सह्याद्रीच्या कोणत्याही डोंगरात दुरूनही ओळखू येते ती या असमान झिजेमुळे. किल्ल्यांच्या माच्या अशाच सपाट्यांवर बांधल्या गेल्या, डोंगरातील वाड्या-वस्त्याही तेथेच बसल्या, आणि वरच्या खडकात मुरलेले पाणी खालच्या अभेद्य थरावर अडून बाहेर पडते त्या पातळीच्या आधाराने झरे आणि खोदीव टाकी सापडतात. डोंगरातली वाट म्हणजे एका सपाटीवरून दुसऱ्या सपाटीवर जाण्यासाठी कड्यात मिळालेली फट. तिला कोठे खिंड, कोठे बारी, कोठे नाळ म्हणतात आणि डोंगराच्या उतरत्या धारेवरून ती गेली तर सोंड.

धावणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ असा की येथे अंतर फारसे काही सांगत नाही. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता, जो मैल आणि फुटांऐवजी आजच्या मापात सांगायचा तर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास असा होतो. आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट तीन किलोमीटरांच्या आतच आहे, पण तिच्यात सुमारे ६०० मीटर चढाई आहे. नेस्मिथच्या हिशेबाने चालणाऱ्याला दीड तास लागावा आणि साधारण सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्या पुणेकराला तेवढाच लागतो. सरावलेले डोंगरधावपटू निम्म्याहून कमी वेळात वर पोहोचतात. डोंगरशर्यतींच्या आयोजकांत रूढ असलेली दुसरी पद्धत याहून सोपी आहे: किलोमीटरमधील अंतरात दर १०० मीटर चढाईसाठी एक किलोमीटर मिळवायचा. त्या हिशेबाने सिंहगडाची तीन किलोमीटरची वाट श्रमाच्या मापात नऊ किलोमीटरची ठरते.

चढावर शक्ती किती लागते हे इटलीतील मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून नीट कळते. सपाट पृष्ठभागावर धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे, दर मीटर अंतराला सुमारे ३.४ ज्यूल ऊर्जा खर्च होते. ४५ टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंचेचाळीस मीटर वर चढवणाऱ्या वाटेवर, हाच खर्च १८ ज्यूलच्या पुढे जातो. आणि सुमारे २० टक्के उतारावर तो सपाटीच्या निम्म्यावर येतो. त्याहून तीव्र उतारावर मात्र खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण मग शरीराला पुढे ढकलण्याऐवजी आवरण्याचे काम करावे लागते. म्हणूनच ट्रेल रनिंग हे नाव काहीसे फसवे आहे: उभ्या चढावर अनुभवी धावपटूसुद्धा गुडघ्यांवर हात टेकवून चालतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. उतारावर श्वास लागत नाही, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच आकुंचन पावावे लागते, ज्यामुळे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि शर्यतीनंतरचे दोन दिवस जिना उतरणे अवघड होते. घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा आणि बारीक दगडांचा निसटता उतार, हा उन्हाळ्यातील धोका. पावसाळ्यात कातळ शेवाळाने इतके निसरडे होतात की बुटाच्या तळाचे खोल दातेही फारसे उपयोगी पडत नाहीत.

वाघोलीकर धावपटूच्या वाट्याला प्रथम येतो तो मात्र सिंहगड नव्हे; तेथे पोहोचण्यासाठी सगळे शहर आडवे ओलांडावे लागते आणि नगर रस्त्यावरील वाहतूक ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. वाघोलीच्या दक्षिणेला आणि पूर्वेला केसनंद, वाडे बोल्हाई यांच्या शिवारात जो प्रदेश पसरला आहे तो पर्जन्यछायेचा, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे पाऊस कमी मिळणारा प्रदेश आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर पुण्याला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका, आणि पूर्वेकडे तो आणखी घटत जातो. त्यामुळे येथे उंच झाडांचे रान नाही. कुसळी गवताचा माळ, बाभूळ, हिवर, बोर आणि मुरमाड उंचवटे आहेत. या माळाकडे पडीक जमीन म्हणून पाहण्याची सरकारी आणि शहरी सवय जुनी असली तरी ती चुकीची आहे. लांडगा, खोकड, चिंकारा आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी या गवतावरच जगतात, आणि चिंकाऱ्यासाठी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य राखलेले आहे.

माळावरच्या वाटा मेंढरांच्या आहेत. वाडे बोल्हाई येथील बोल्हाई देवीच्या भक्तांमध्ये शेळी-बोकड वर्ज्य आणि मेंढी चालते, म्हणून पुण्यातील मांसविक्रेत्यांच्या पाट्यांवर आजही ‘बोल्हाईचे मटण’ अशी वेगळी नोंद दिसते. पुरंदर, दौंड, बारामती या तालुक्यांतील धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन सह्याद्रीच्या घाटवाटांनी कोकणात उतरतात आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी परततात; मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत मिळावे म्हणून शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात. या फिरतीने जे मार्ग ठरले ते पाण्याच्या जागा आणि सोपे चढ यांना धरून जातात, आणि अनोळखी माळावर दिशा चुकलेल्या धावपटूला नकाशापेक्षा त्यांचाच भरवसा अधिक.

वाघोलीच्या दक्षिणेकडे नजर टाकली की जी डोंगररांग दिसते ती भुलेश्वर रांग होय. सिंहगडाच्या बाजूने निघून कात्रज, दिवे घाट असे करीत ती यवतकडे पूर्वेला उतरत जाते आणि उत्तरेकडील मुळा-मुठेचे खोरे व दक्षिणेकडील कऱ्हेचे खोरे यांना वेगळे करते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटातून ही रांग ओलांडते. लाखो माणसे एका दिवसात सुमारे तीस किलोमीटर अंतर आणि एक घाट पायी पार करतात, ही गोष्ट सहनशक्तीच्या शर्यतींची चर्चा करताना सहसा कोणी ध्यानात घेत नाही. घाटाच्या पायथ्याशी वडकीजवळ मस्तानी तलाव, माथ्याच्या बाजूला कानिफनाथांचे ठाणे, लोणी काळभोरमागे डोंगराच्या कुशीत पाण्याने वेढलेले रामदऱ्याचे मंदिर, पुढे मल्हारगड आणि पूर्व टोकाकडे भुलेश्वर: या साऱ्यांना जोडणाऱ्या धारेवरच्या आणि उतारावरच्या पायवाटा पूर्व पुण्यातील धावपटूंचे खरे सरावक्षेत्र आहेत. चढाई येथे सह्याद्रीच्या मुख्य धारेइतकी सलग नाही, पण सावलीही नाही. सकाळी नऊनंतर उघड्या कातळावर उन्हाचा जो ताप जाणवतो त्याचा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नाही.

या रांगेचा इतिहास वाघोलीशी आणि तिच्या शेजाराशी अनपेक्षितपणे गुंतलेला आहे. शाहू छत्रपतींच्या काळातील सरदार पिलाजीराव जाधवराव हे वाघोलीचे. वाघेश्वराच्या दगडी मंदिराजवळ त्यांची समाधी आहे, आणि दिवे घाट ओलांडल्यावर जाधववाडीत उभी असलेली, आज हॉटेल झालेली गढीही १७१० च्या सुमारास त्यांनीच बांधली असे सांगितले जाते. वाघोलीच्या उत्तरेला भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर आहे, जेथे आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३३ मध्ये हत्तीची तुला केली आणि नावेच्या युक्तीने हत्तीचे वजन शहाजीराजांनी करून दाखवले अशी परंपरा आहे; त्याच मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केल्यावर भुलेश्वराच्या डोंगरावर दौलतमंगळ नावाचा किल्ला उभारला. किल्ल्याचे आता बुरूज आणि तटाचे तुकडे उरले आहेत, पण त्याच्या आतील यादवकालीन मंदिर शाबूत असून बाहेरच्या साध्या भिंतींआड बेसॉल्टमध्ये कोरलेली शिल्पे आणि स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती आहे. मल्हारगड त्याहून बराच अलीकडचा. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने तो १७५७ ते १७६० या काळात दिवे घाटावर नजर ठेवण्यासाठी बांधला, आणि महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला गिरिदुर्ग म्हणून त्याची ओळख आहे.

मल्हारगडाच्या पायथ्याचे सोनोरी हे गाव या भागातील दगडी गावाची रचना समजून घेण्यास सोयीचे आहे. तेथे पानशांची बुरूजबंद गढी, मुरलीधराचे आणि लक्ष्मी-नारायणाचे मंदिर आहे. परंतु अशा गावाचे वैशिष्ट्य एखाद्या वास्तूपेक्षा दगडाच्या वापराच्या पद्धतीत असते. सासवडसारख्या ठिकाणी श्रीमंतांचे वाडे आणि संगमेश्वर, चांगावटेश्वर यांसारखी मंदिरे घडीव दगडाची आहेत. घडीव म्हणजे पाथरवटाने छिन्नीने सहाही बाजू सरळ केलेला चिरा. तो नीट घडला असेल तर सांध्यात चुना नसतानाही भिंत उभी राहते, आणि यादवकाळातील ज्या मंदिरांना लोक हेमाडपंती म्हणतात त्यांची रचना याच तत्त्वावर आहे. सामान्य कुणब्याच्या घराला एवढी चैन नव्हती. त्याचे जोते म्हणजे जमिनीपासून कमरेपर्यंतचा पाया दगडाचा, वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि छप्पर पूर्वेच्या कोरड्या गावांत मातीचे सपाट धाबे, पश्चिमेच्या पावसाळी गावांत उतरते व कौलारू. त्यामुळे पुण्याच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्याला छपरांच्या उतारावरून पावसाचा अंदाज बांधता येतो. गावाभोवती दगडी गावकूस, त्यात वेस, वेशीशी मारुती, आत चावडी आणि पार, बाहेर बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि कडेला कधीकाळी लढाईत पडलेल्या वीरांचे वीरगळ. गावकुसाबाहेर कोणाला राहावे लागत असे हे महाराष्ट्राला सांगावे लागू नये. बारवेची पायरी ज्यांना मना होती त्यांची पाण्याची वाट वेगळी आणि बहुधा लांबची होती, आणि आज सुरेख वाटणाऱ्या कित्येक वळणवाटांमागे ही सक्तीही आहे.

गावे आणि किल्ले यांच्यामध्ये धावणे हाच पेशा असलेली माणसेही या वाटांवर होती. मराठी कागदपत्रांत जासूदांचा उल्लेख वारंवार येतो. पत्र घेऊन जाणारे हे निरोपे बहुधा जोडीने पाठवले जात, म्हणजे एक आजारी पडला किंवा पकडला गेला तरी पत्र पोहोचावे. त्यांच्या मार्गाला शर्यतीच्या आयोजकांनी झाडांना बांधलेल्या रंगीत फिती नव्हत्या, आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय गावच्या पाटलावर अवलंबून असे.

पश्चिमेकडे चित्र बदलते. जुन्या कात्रज बोगद्याजवळील वाघजाई मंदिरापासून सिंहगडापर्यंतची टेकड्यांची धार पुण्यातील ट्रेकर आणि धावपटू ‘के टू एस’ या नावाने ओळखतात. अंतर पंधरा किलोमीटरांच्या आसपास असले तरी एकामागून एक टेकडी चढून पुन्हा उतरावी लागते, म्हणून तिची कीर्ती अंतराहून मोठी आहे. सिंहगडापासून राजगड आणि तोरणा यांना जोडणारा मार्ग त्यापुढची पायरी. वेस्ट घाट रनिंग फाउंडेशन ही पुण्यातील संस्था या तीन किल्ल्यांच्या नावाने डोंगरशर्यत भरवते, जिचा सुमारे पन्नास किलोमीटरांचा टप्पा महाराष्ट्रातील सर्वांत खडतर शर्यतींत गणला जातो. वाट कल्याण दरवाजाने उतरते, विंझर-गुंजवणेच्या बाजूच्या भातशेतीतून आणि वाड्यांतून जाते, राजगडाच्या माचीवर चढते आणि संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून निघून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे सरकते. या धारेवर पावसाळ्यानंतर कारवीची झुडपे माणसाच्या डोक्यावर जातात. सात वर्षांतून एकदा ती एकाच वेळी फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. उरलेल्या वर्षांत त्यांच्या ताठ काठ्या धावणाऱ्याचे हात ओरबाडतात आणि निसरड्या वाटेवर पकडण्यासही त्याच उपयोगी पडतात. करवंद, जांभूळ, हिरडा, गेळा यांची झाडी ओढ्यांच्या कुशीत दाट होते. राजगड जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कोणत्याही शर्यतीला वन विभागाची आणि पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्यावी लागते ती याच कारणासाठी की वाटेतील पायऱ्या, तट आणि दरवाजे ही खेळाची मैदाने म्हणून बांधलेली नाहीत. शेकडो पायांनी एकाच सकाळी तुडवल्यावर कातळाला काही होत नाही, पण तटालगतच्या ओल्या मातीची धूप होते, आणि त्या मातीवरच तटाचा पाया टेकलेला असतो.

दोन्ही बाजूंच्या वाटांना आज धोका आहे तो मुख्यतः वापर थांबल्याचा. वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला की बाजाराला जाणारी जुनी वाट कोणी वापरत नाही, दोन पावसाळ्यांत तिच्यावर गवत आणि झुडपे येतात आणि पाचव्या वर्षी ती फक्त मोबाइलमधील नकाशावर रेष म्हणून उरते, जी पाहून गेलेला धावपटू कड्याच्या टोकावर येऊन थांबतो. त्या रस्त्यासाठी लागलेली खडी कुठल्या तरी डोंगरातूनच आलेली असते.

काही वाटा मात्र नव्याने पडतही आहेत, आणि त्यांचे उगमस्थान वणवा हे आहे. हिवाळा सरला की वाळलेले कुसळी गवत एका ठिणगीने पेटते, म्हणून वन विभाग डोंगरउतारांवर जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे सरकू नये यासाठी गवत कापून किंवा आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. अशा पट्ट्यांवर धावण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण वाट रुंद, स्वच्छ आणि दुरून दिसणारी असते. पण जाळरेषेची आखणी आग अडवण्याच्या सोयीने झालेली असल्यामुळे ती पुष्कळदा थेट उताराच्या दिशेने जाते. पावसाळ्यात पाणीही त्याच सरळ मार्गाने धावते, मुरूम वाहून नेते आणि दोन-तीन वर्षांत पट्ट्याच्या मध्ये घळ पडते. ढोरवाट असे कधीच करत नाही. गुरे उभ्या चढाला तोंड देत नाहीत. ती उतार आडवा कापत, सौम्य चढाने, जागोजाग वळत वर जातात, त्यामुळे पाणी प्रत्येक वळणावर वाटेबाहेर पडते आणि वाट टिकते. एकाच टेकडीवर दोन्ही प्रकारच्या वाटा असतील तर सरावलेले धावपटू जाळरेषेने उतरण्याचे टाळतात आणि चढताना व उतरताना गुरांनी पाडलेलीच वाट धरतात, जरी ती मोजायला दुप्पट लांब भरली तरी.